सासूसोबत पाहायचे चित्रपट

सरपंचांचा फोन आला तेव्हा मी बारामतीच्या मंडईत पावटा निवडत होते. आमच्या मामाच्या गावचे सरपंच म्हणजे माझ्या मुलाच्या वयाचा मुलगा. पण निवडून आल्यापासून तो बोलताना मध्येच थांबतो, टाळ्यांसाठी जागा सोडल्यासारखा. "मॅडम," तो म्हणाला आणि थांबला. "गावात नवीन सभागृह झालं. पडदा हाय, प्रोजेक्टर हाय, खुर्च्यांना गाद्या हायेत. अध्यक्षांचं नाव द्यायचं आमी बॉडीत ठरवलंय. पर बचत गटाच्या बायका आडव्या आल्यात. पुढच्या ग्रामसभेत तुमच्या मामींनी उठून एकदा 'व्हय' म्हणलं, की विषय मिटला. तुमी त्यांना तयार करा."

अध्यक्ष म्हणजे माझे सख्खे मामा. त्यांना जाऊन वर्ष झालं. इंदापूर-बारामतीकडच्या फिरत्या तंबू टॉकीजवाल्यांची एक संघटना होती, तिचे ते हयातभर अध्यक्ष. गंमत अशी की त्यांचा स्वतःचा तंबू कधीच नव्हता. मशीन नव्हतं, ट्रक नव्हता. होता तो थोडा ऊस आणि न थकणारा गळा. तंबूचे मालक बिचारे, साहेब दिसला की चपला काढून उभे राहणारे. त्यांना साहेबासमोर न घाबरता बोलणारा माणूस हवा होता. मामा घाबरायचे तर नाहीतच, पण थांबायचेही नाहीत. शेवटी साहेब कंटाळून सही करायचा आणि मामा बाहेर येऊन सांगायचे, "मुद्दा पटला."

करमणूक कर कमी करा, परवान्याची मुदत वाढवा, जत्रेत तंबूला जागा राखून ठेवा, असल्या मागण्या घेऊन त्यांच्या मुंबईच्या वाऱ्या चालायच्या. हात रिकामे नसायचे. डाळिंबाच्या दिवसांत डाळिंबाची पेटी, नाहीतर गुळाची ढेप. एका साहेबाला मासे आवडतात असं कळलं, तेव्हा गळ्यात माळ असलेला, शेजारी मटण शिजलं तर घराबाहेर जाऊन बसणारा हा माणूस भिगवणहून ताज्या माशांचा डबा घेऊन एसटीत बसला. घाटापर्यंत बर्फाचं पाणी झालं. अख्ख्या गाडीने त्यांचा उद्धार केला आणि हे डबा मांडीवर घेऊन, डोळे मिटून नामस्मरण करत मुंबईला पोचले. त्या वर्षी कर कमी झाला. माशांमुळे झाला असं मामी म्हणायची. मामांचं म्हणणं, मुद्दा पटला.

ही झाली त्यांची बाहेरची कीर्ती. गावात त्यांचं नाव निघतं ते फडक्यांमुळे.

एका हंगामात तंबूत असा एक चित्रपट आला की त्यातल्या भिजण्याच्या गाण्याला पोरांनी पडद्यावर चिल्लर उधळली. दुसऱ्या दिवशी चावडीवर म्हातारी मंडळी जमली. तंबू आजच्या आज उठला पाहिजे, नाहीतर दोर कापू, असं ठरत आलं. मालक रडकुंडीला आला होता. तेव्हा मामा उठले. "बंद करणं सोपं हाय," ते म्हणाले. "पर बंद केलेलं माणूस चोरून बगतंय. त्यापरीस पिच्चर कसला हाय ते आदीच सांगू. मग ज्यानं त्यानं आपापलं ठरवावं." एका मास्तरांनी विचारलं, त्यासाठी सेन्सॉर असतंय की. मामा म्हणाले, "मुंबईच्या सायबाला आपलं गाव म्हाईत हाय का?" सगळ्यांना हे पटलं, कारण तंबू उठावा असं मनातून कुणालाच वाटत नव्हतं.

तेव्हापासून तंबूच्या मधल्या खांबाला फडकं बांधायची रीत पडली. हिरवं असलं तर सगळ्यांनी यावं. तांबडं असलं तर फक्त बाप्यांनी. आणि पिवळं असलं तर बाईने सासूसोबत यावं. सिनेमाला दर्जे लावणारे जगात पुष्कळ असतील, आईबापांनी सोबत बसावं असंही कुणी सांगत असेल. सासूने सोबत बसावं हे सांगणारे आमचे मामाच. त्यामागचा विचार ते फार गंभीरपणे समजावून सांगायचे. सासूशेजारी बसून जे बघता येतं, त्यात वाईट काही असूच शकत नाही. आणि असलंच, तर सासू उठेल, तिच्यामागून सून उठेल, आपल्याला काही बोलावं लागणार नाही.

ही रीत आसपासच्या गावांनी उचलली. बावड्याकडे गेली, डाळजला गेली, गाळप सुरू झालं की तंबू माळेगावच्या कारखान्याच्या बाजूला जायचे तिथेही गेली. आणि आमच्या गावात सासवांचा भाव वधारला. पिवळं फडकं दिसलं की त्या दिवशी सुना न सांगता पाय चेपायला बसायच्या. ज्यांची सासू वारली होती त्यांची पंचाईत. मग उसनवारी सुरू झाली. आमच्या आळीत एक ठार बहिरी म्हातारी होती, तिला सकाळीच सांगून ठेवावं लागे. एकच चित्रपट तिने वेगवेगळ्या सुनांची सासू होऊन पुन्हा पुन्हा पाहिला. मध्यंतरातली भजी हा तिचा मान. कसा होता पिच्चर, असं कुणी खुणेने विचारलं तर म्हणायची, "नाचत्यात चांगलं."

तांबड्याचं वेगळंच झालं. मामांना वाटायचं, तांबडं बघून माणूस विचार करील, माघारी फिरेल. माणूस विचार करायचा आणि बैलगाडी जुंपून शेजारच्या गावातल्या मेहुण्यालाही घेऊन यायचा. थोड्याच दिवसांत मालक मामांच्या मागे लागले, अध्यक्ष, या वेळी तांबडंच द्या. एका मालकाकडे संताचा चित्रपट आला होता. रिकाम्या तंबूत भजनं चालली होती. त्याने हातापाया पडून म्हणा, काय म्हणा, मामांकडून त्यावरही तांबडं मिळवलं. लहान पोरांना एवढं वैराग्य झेपायचं नाही, असं कारण मामांनी शोधून काढलं. त्या रात्री तंबूला मुंगी शिरायला जागा नव्हती. अख्ख्या गावातले बाप्ये शेवटच्या आरतीपर्यंत डोळ्यांत तेल घालून बसले, की आता येईल, मग येईल. काहीच आलं नाही. पण फसवणूक झाली अशी तक्रार तरी कुठल्या तोंडाने करणार?

इथवर सगळं हसण्यावारी नेता येतं. बचत गट चालवणाऱ्या अक्कांची गोष्ट तशी नेता येत नाही.

अक्का नवी नवरी होऊन गावात आली आणि नवऱ्याने हौसेने तिला तंबूत नेलं. फडकं पिवळं होतं. सासू तिच्या लग्नाआधीच वारलेली, उसनी सासू मिळते हे तिला ठाऊक नव्हतं. मामांनी तिला बसलेलं पाहिलं. ते तिच्याजवळ गेले असते, हळूच सांगितलं असतं, तर एक वेळ मी समजू शकले असते. मामांनी आवाज लावला तो थेट लाउडस्पीकरमधून: सासूबिगर आलेल्या बाईनं कनातीच्या भाएर यावं. सगळा तंबू वळून बघायला लागला. ती उठली, बाहेर आली आणि घरी न जाता कनातीला पाठ लावून अंधारात उभी राहिली. नवरा आत बसून राहिला. पूर्ण चित्रपट तिने नुसता ऐकला. अक्का आज साठीच्या पुढे आहेत, घरात भिंतीएवढा टीव्ही आहे, पण ही गोष्ट सांगताना त्यांचा आवाज अजून कापतो. मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटतं.

मग व्हिडिओ आला आणि तंबूंच्या पोटावर पाय आला. मामा पेटून उठले. ज्या माणसाने चावडीवर सांगितलं होतं की बंद केलेलं माणूस चोरून बघतं, तोच आता हा चोरीचा धंदा बंद करा म्हणून निवेदनं देत फिरू लागला. व्हिडिओला खांब नाही, म्हणून फडकं नाही, म्हणून सासू नाही, म्हणून समाज बुडणार, असं ते सभांमधून सांगायचे. तंबूवाले टाळ्या वाजवायचे. आपल्याच गावात दुपारच्या वेळी एका घरात भाड्याचा व्हिडिओ लावून बायका बसतात, हे त्यांच्या कानावर आलं. त्यांनी तक्रार दिली. पोलिसांची गाडी आली. बायकांच्या घोळक्यात, पुढच्याच रांगेत, माझी मामी बसलेली होती.

त्या वेळी लाइट गेलेली होती. काळ्या टीव्हीसमोर घामाघूम होऊन बायका लाइटची वाट बघत होत्या. "आमी काय बगत न्हाय, आमी नुसत्या बसलोय," असं मामीने पोलिसाला सांगितलं आणि ते अक्षरशः खरं होतं. पोलिसांनी संच उचलून नेला. मामा तिथे येऊन पोचले, बायकोला पाहिलं, आणि तक्रार मागे घेतली नाही. पेपरमध्ये त्यांचं कौतुक आलं. अध्यक्षांनी घरच्या माणसालाही सोडलं नाही.

आज गावात या एकाच गोष्टीच्या दोन गोष्टी झाल्या आहेत. सरपंचांची माणसं सांगतात, बघा, काय तत्त्वाचा माणूस, बायकोचीसुद्धा गय केली नाही. अक्कांची माणसं सांगतात, बघा, काय निर्दय माणूस, बायकोचीसुद्धा गय केली नाही. शब्द तेच, फक्त मान हलवायची दिशा वेगळी. आणि जिची गय केली नाही ती बाई याच गावात, याच रस्त्यावर राहते, तिला आजवर कुणी विचारलेलं नव्हतं.

मी इंदापूरला एसटी बदलून दुपारी मामीकडे पोचले. ती सोप्यात हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती. ऐंशीला टेकली आहे, कान शाबूत, गुडघे गेलेले. मी शेजारी बसून सोलायला घेतलं आणि सभागृहाचा विषय काढला.

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "सरपंच रोज हिकडनं जातोय, रामराम घालतोय. आन तयार कराय तुला बारामतीवरनं बोलिवलं व्हय?"

"मी तयार करायला नाही आले. तुला काय वाटतं ते विचारायला आले. नको वाटत असेल तर सरळ नाही म्हण. मी आहे तुझ्या बाजूला."

हे मी जरा जोरातच म्हणाले. मला मामांचा राग होता आणि अजून आहे. मामीने तो राग स्वतः न धरता माझ्यावर सोपवला की काय, असं मला कधीकधी वाटतं. तिने माझ्याकडे पाहिलं, ओंजळीतले हरभरे पातेल्यात टाकले आणि म्हणाली, "माझ्या बाजूला लईजण हायेत. अक्काबी म्हणती, मी तुमच्या बाजूला हाय. सरपंच तेच म्हणतोय. माझी बाजू कुठली हाय ते मलाच अजून उमगंना."

मी पुढचा घाटा उचलला.

"व्हय म्हणलं तर अक्का म्हणणार, बाई जल्माची दबलेली. न्हाय म्हणलं तर गाव म्हणणार, मेल्यावर नवऱ्यावर सूड काढला. मी काय बी बोलले तरी ह्या लोकांचंच खरं हुतंय." मग तिने विचारलं, "पाटी कुठं लावणार हायेत?"

"दारावर. ग्रॅनाइटची आहे, कापूनही आणली म्हणे."

"हं," मामी म्हणाली आणि घाटे सोलत राहिली. दुसऱ्या दिवशी ग्रामसभा होती.

सभा नव्या सभागृहातच भरली. गाद्यांच्या खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं, त्यामुळे कुणी जरा हललं तरी चर्रर आवाज व्हायचा. मी मामीला पुढच्या रांगेत बसवलं. सरपंचांनी भाषण केलं. "अध्यक्षांनी," थांबला, "एकेक पिच्चर आदी स्वतः बघितला. रातरातभर जागून, डोळे झिजवून बघितला. कशासाठी? आपल्या आयाबहिणींनी काय बघावं, काय बघू नये, हे ठरवायला." टाळ्या पडल्या. या वेळी त्याने सोडलेली जागा भरली.

अक्का उठल्या. "बरूबर बोलला सरपंच. समदं सवता बगितलं. चांगलं, वंगाळ, समदं. डोळं भरून बगितलं आन आमाला कनातीभाएर हुबं केलं. म्हंजी आमच्या वाट्याचंबी त्यांनीच बगितलं. त्यांचं नाव ह्या दारावर लागलं, तर ह्या दारातनं मी आत येणार न्हाय." इकडेही टाळ्या पडल्या आणि प्लास्टिक जोरात वाजलं.

मग सरपंच मामीकडे वळून, अदबीने वाकून म्हणाला, "काकी, आता तुमीच सांगा. व्हय का न्हाय?"

मामी माझ्या खांद्याला धरून उठली. माइक तिने घेतला नाही.

"तुमी दोघंबी चुकताय," ती म्हणाली. "त्यांनी एकबी पिच्चर बगितलेला न्हाय."

आधी लोक हसले. मग पुढे वाकून ऐकू लागले.

"तंबूच्या आदल्या मुक्कामाला जायचे, डाळजला न्हायतर आनि कुठं, हे खरं हाय. तितं जाऊन दारात हुबं ऱ्हायचे, पडद्याकडं पाठ करून. माणसांची तोंडं बगायचे. बाप्यांच्या बिड्या हातातल्या हातात इजल्या, की तांबडं. जो तो आजूबाजूला वळखीचं कोण हाय का बगाय लागला, की पिवळं. माणसं हासली, रडली, आन घरी जाताना पोरांस्नी खांद्यावर घेऊन गेली, की हिरवं. लगीन झाल्यापास्नं मला म्हाईत हाय. मी कुणाला सांगितलं न्हाय, कारन कुणी इचारलं न्हाय."

अक्कांनी पदर तोंडाला लावला होता. सरपंच पुढचा मुद्दा विसरला होता.

"आन माझी गोष्ट," मामी म्हणाली. "दोन्हीकडनं सांगताय, मी आयकतीया. पोलीस आलते त्या दिवसापास्नं मी त्यांच्यासंगं लई दिवस बोलले न्हाय. त्यांनी केलं ते वाईट केलं. अक्काला केलं तेबी वाईटच. आन माणूस वाईट न्हवता. ह्या दोन्ही गोष्टी तुमच्या पाटीवर मावत असल्या तर लिवा. न्हाय मावत, तर नुसतं नाव लिवा. पर दारावर लावू नगा. जल्म समदा दारात गेला त्यांचा, कोण आत जातंय ते बगण्यात. आता त्यांना आत घ्या. मागच्या भिंतीला लावा, पडद्याकडं तोंड करून."

ती बसली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. थोड्या वेळाने अक्का बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "आत चालंल." सरपंचाने बॉडीतल्या एकाच्या कानात काहीतरी विचारलं. मला वाटतं, पाटीचं अनावरण करायला येणाऱ्या पाहुण्यांचा फोटो मागच्या भिंतीवर नीट येईल का, हे विचारलं असावं. पण ठराव झाला. हात दोन्ही बाजूंचे वर गेले. मामांच्या बाबतीत गावाचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

घरी जाताना मामी हळूहळू चालत होती. माझ्या डोक्यातून एक गोष्ट जाईना. मुंबईला खेटे घातले, मासे मांडीवर घेऊन गेले, पंचक्रोशीला फडकी वाटली, बायकोला पकडून दिलं, सगळं सिनेमासाठी. आणि सिनेमा पाहिलाच नाही?

"मामी, अगं कधीच नाही? नुसतं मागे वळायचं होतं. का बघितला नसेल?"

मामी थांबली. गुडघा दाबत ती हसायला लागली, हसता हसता तिचे डोळे भरून आले. मामा गेले तेव्हासुद्धा मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं, आणि त्यांच्यावर एवढी चिडलेली मी, मलाही रडू आलं.

"मीबी एकदा हेच इचारलं हुतं," ती म्हणाली. "म्हणले, बगितला आन आवडला तर? मग कुणाला कुठल्या तोंडानं आडवायचं?"